काळ्या मण्याचा उतारा

जावयांनी सेकंडहँड आरव्ही घेतली तेव्हा फोटोत ती एसटीपेक्षा जरा लहान दिसत होती. आत शिरल्यावर कळलं की हा वन बीएचके आहे, फक्त पायाखाली चाकं आहेत. ओटा, फ्रीज, पलंग, संडास, न्हाणी आणि भिंतीवर टीव्ही. वळण आलं की सगळ्यांनी आपापला चहा उचलून धरायचा, एवढा एकच नियम.

दुसरा नियम लेकीनं आमच्या हिला सांगितला : आत निरांजन लावायचं नाही. खाली गॅसची टाकी, वर धुराचा भोंगा. ‘आई, वातीनं भोंगा वाजला तर अख्खा कॅम्प जागा होईल.’ ही काही बोलली नाही. पर्समधून तिनं तुळशीबागेत घेतलेला वातीसारखा मिणमिणणारा यूएसबीचा नंदादीप काढला, टीव्हीशेजारच्या फळीवर अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण मांडले आणि दिवा लावून मोकळी झाली.

मुक्काम होता फिनिक्सच्या पूर्वेला साठेक किलोमीटरवर, ‘लॉस्ट डचमन’ नावाच्या उद्यानात. समोर सुपरस्टिशन माउंटन्स, म्हणजे चक्क अंधश्रद्धेचे डोंगर. जेकब वॉल्ट्झ नावाच्या एका माणसाला इथे सोन्याची खाण सापडली होती म्हणे. 1891 साली तो वारला आणि खाणीचा पत्ता बरोबर घेऊन गेला. तेव्हापासून लोक कुदळी घेऊन ती शोधतायत. गडी मुळात जर्मन, पण अमेरिकनांनी ‘डॉइच’चं ‘डच’ करून टाकलं. ज्यांना माणसाचं गाव नीट ऐकू आलं नाही त्यांना खाण कशी सापडणार, असं मी म्हणालो. जावई हसले नाहीत. त्यांचं लक्ष टीव्हीकडे होतं.

रविवार होता, जानेवारी होता आणि त्यांच्या टीमची बाद फेरीची मॅच होती. मॅच फुटबॉलची, म्हणजे ज्यात पाय फारसा लागत नाही तो फुटबॉल. पडद्यावर एक खेळाडू हवेत उडालेला आणि तसाच थिजलेला. मग त्याचे चौकोन झाले, चौकोनांची गोधडी झाली आणि शेवटी ‘सिग्नल नाही’.

‘बाबा, तुम्ही इलेक्ट्रिसिटी बोर्डात होता ना?’

मी बत्तीस वर्षं बिलिंगला होतो. पण सासऱ्याची अब्रू म्हणून छताला लटकणारी मूठ धरून अँटेना गरागरा फिरवायला लागलो. हे मात्र येत होतं. सदाशिव पेठेतल्या कौलांवर चढून सिंहगडाच्या टॉवरकडे अँटेनाचं तोंड करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. वर मी, खाली थोरला भाऊ. ‘आलं का?’ ‘आलं, आलं... गेलं!’ त्या काळी बिघाडालाही चेहरा होता. सिग्नल अशक्त असेल तर मुंग्या. पडद्यावर आडव्या रेघा म्हणजे वरच्या मजल्यावर काकूंचा मिक्सर. टिपक्यांची माळ सरकली की गल्लीतून स्कूटर गेली. पडद्याकडे बघून शेजाऱ्यांच्या घरी आज चटणी आहे हे सांगता यायचं.

अमेरिकेनं 12 जून 2009 ला मोठ्या केंद्रांचं जुनं प्रक्षेपण बंद केलं आणि ती मजा गेली. डिजिटलला मुंग्या नाहीत. तो एक तर स्वच्छ दिसतो, नाही तर रुसून बसतो, आणि का रुसला ते सांगत नाही.

अँटेना फिरवून झाली. भिंतीवरच्या पट्टीतलं बूस्टरचं बटण दाबून झालं. हिरवा दिवा लागला, चित्र आणखी बिघडलं. आमचा तमाशा शेजारच्या ट्रेलरमधून एक आजोबा बघत होते. ते हॅम रेडिओवाले निघाले. आले ते हातात जुना रेडिओ घेऊनच.

‘तुमच्या गाडीतून काल संध्याकाळपासून किरकिर येतेय,’ ते म्हणाले. मी बायकोकडे पाहिलं. ते विजेबद्दल बोलत होते.

आजोबांनी आधी बाहेरची वीज तोडली. तिच्यावरून 12 व्होल्टची बॅटरी भरणारा कन्व्हर्टर हा पहिला संशयित. पण गाडी नुसत्या बॅटरीवर आली तरी चौकोन तसेच. मग त्यांनी रेडिओ एएमवर, जिथे एकही स्टेशन नाही अशा जागी लावला आणि वैद्यानं छाती तपासावी तसा गाडीभर फिरवला. फ्रीजजवळ खरखर. ओट्यावरच्या एलईडीजवळ जरा जास्त. टीव्हीशेजारच्या फळीशी रेडिओ आला आणि गिरणी सुरू झाल्यासारखा घरघरला.

अन्नपूर्णा शांत होती.

बूस्टरच्या बटणाच्या त्याच पट्टीवर सिगरेट-लायटरचं भोक असतं. त्यात गॅस स्टेशनवर घेतलेला एक स्वस्त चार्जर, आणि त्यातून नंदादीपाची वायर. आजोबांनी समजावलं : हा चार्जर 12 व्होल्टचे 5 करतो ते वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून. प्रत्येक तोडीचा शिंतोडा उडतो. शेजारी अँटेनाची केबल आणि दिव्याची लांब वायर, म्हणजे शिंतोडे पसरवायला आयती अँटेना. इथल्या काही वाहिन्या 174 ते 216 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतात, आणि असल्या चिखलाचा त्रास त्या पट्ट्याला फार. मॅच नेमकी तिथलीच.

जावयांनी चार्जर उपटला. खेळाडू हवेतून खाली आला. चित्र असं लख्ख की गवताची पाती मोजावीत.

‘अहो, देवापुढचा दिवा गेला,’ ही म्हणाली. आवाज अगदी खालचा. लग्नाला चाळीस वर्षं झाली की तो खालचा आवाज कळतो. जावयांनी माझ्याकडे पाहिलं, मी डोंगराकडे.

अर्धा तास देव अंधारात आणि मॅच उजेडात. तेवढ्यात आजोबा ट्रेलरमधून एक डबा घेऊन आले. डब्यात काळेभोर मणी, बोराएवढे, दोन शकलं होऊन मिटणारे. फेराइट. वायर त्यातून ओवली की दिव्याची वीज सुखानं पुढे जाते आणि किरकिर मण्यात अडकून जिरते.

हिचा चेहरा बदलला. ‘म्हणजे काळा मणी! मी कालपासून म्हणतेय, नव्या गाडीला दृष्ट लागलीय.’

लेकीनं भाषांतर केलं. आजोबा गंभीरपणे ‘हो, साधारण तसंच’ म्हणाले.

वायर मण्यातून किती वेळा फिरवायची यावर वाद झाला. आजोबांचं मत तीन. त्याहून जास्त वेढे दाटले तर एवढ्या वरच्या फ्रिक्वेन्सीला किरकिर शेजारच्या वेढ्यावर उडी मारून निसटते. हिचं म्हणणं सात. वडाला सात, मग देवाच्या दिव्याला तीन का? आजोबांनी डोकं खाजवलं. मग एका मण्यात तीन, दुसऱ्यात तीन आणि तिसऱ्यात एक असे वेढे घालून त्यांनी दोन्ही शास्त्रं सांभाळली.

दिवा लागला. चित्र हललं नाही. रेडिओ नुसता पुटपुटला. आजोबांना गोडाचा शिरा देण्यात आला, तो त्यांनी मीठ मागून खाल्ला.

जावयांची टीम तीन गुणांनी हरली. ते बराच वेळ बंद टीव्हीसमोर बसून होते. हिनं त्यांच्या हातात चहा दिला, आणि जाता जाता म्हणाली, ‘दिवा विझवून मॅच बघितलीत ना अर्धा तास.’