सात भिवंड्या ‘इतर’

सरकारी कागदावर ‘इतर’ या शब्दाइतका दिलदार शब्द दुसरा नाही. डोळे, कान, वाचा, हातपाय, बुद्धी, मन अशा ठरलेल्या चौकटींत जो मावत नाही, त्याला इथे मुक्कामाची सोय. २०११ च्या जनगणनेत देशभरात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले, आणि त्यांतले ४९ लाखांहून जास्त या एका चौकटीत उतरले. त्याच जनगणनेत भिवंडी शहराची लोकसंख्या भरली सुमारे ७ लाख १० हजार. म्हणजे जवळपास सात भिवंड्या. माग, गोदामं आणि खड्डे वगळून नुसती माणसं, नखाएवढ्या चौकोनात. तिथल्या शांतीनगरच्या एका खोलीत आठ-आठ कामगार पाळीपाळीने झोपतात म्हणून हळहळणाऱ्यांनी हा चौकोन एकदा पाहावा.

या इतरांत होतं कोण? थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया, पार्किन्सन, स्वमग्नता यांना त्या यादीत स्वतःचं नाव नव्हतं. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. नावं मिळाली, पण मोजायला कोणी आलं नाही. २०२१ ची जनगणना झालीच नाही. २०११ साली दहा-बारा वर्षांचा असलेला मुलगा आता पंचविशी गाठतोय. विशेष शाळेने अठराव्या वर्षी निरोप दिला, तेव्हापासून तो घरीच. सरकारदरबारी मात्र तो अजून दहा-बारा वर्षांचा, आणि इतर.

बदललं काय, तर नाव. अपंगचं विकलांग झालं, विकलांगचं दिव्यांग झालं. पाट्या रंगवणाऱ्यांना काम मिळालं.

खरी मौज वाटपाच्या दिवशी. स्थानिक स्वराज्य संस्थांनी उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्चायचे असा राज्यात नियम आहे. पैसा खर्चायचा तर कोणाला काय हवंय हे ठाऊक हवं, ते कागदाला विचारावं, तर कागद म्हणतो ‘इतर’. इतराला द्यायचं काय? मग मांडव पडतो, हार येतात आणि तीनचाकी सायकली येतात. पाय नसलेल्याला तीनचाकी, हे ठीक. पण थॅलेसेमियाच्या तरुणीला हवं असतं महिन्याला रक्त, आणि ते चढवायला जवळ सोय. स्वमग्न तरुणाच्या आईला हवे असतात दिवसाचे चार तास, कोणीतरी त्याच्याजवळ बसेल असे, म्हणजे ती बाजारात जाईल, आंघोळ तरी सुखाने करेल. हे मांडवात ठेवून फोटो काढता येत नाहीत. तिला विचारलं कोणी? जनगणनेच्या प्रश्नावलीत तिचा रकानाच नाही. वीस-पंचवीस वर्षं त्या मुलाला भरवणारी, न्हाऊ घालणारी, रात्री दाराला आतून कुलूप लावून किल्ली उशाखाली घेणारी बाई सरकारी हिशेबात ‘काम करत नाही’! आणि ज्याला खरोखरच तीनचाकी मिळाली, त्याने ती भिवंडीतल्या अंजूरफाट्याच्या कंटेनरांमधून आणि खड्ड्यांतून चालवून दाखवावी. कचेरीत पोहोचलाच, तर वर अपंगत्वाचं प्रमाणपत्र विचारतील. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात ते अवघ्या २८.८ टक्के अपंगांकडे सापडलं होतं. शंभरातल्या उरलेल्या एकाहत्तरांचं काय करायचं, हे त्या आकड्याकडे बघून कळायला समिती लागत नाही.

धड विचारण्याची रीतही जगाला माहीत आहे. अपंगत्व कसं मोजावं यावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय वॉशिंग्टन गटाच्या छोट्या प्रश्नसंचात सहाच प्रश्न असतात आणि त्यांत अपंग हा शब्दच येत नाही. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का? पायऱ्या चढायला? लक्षात ठेवायला? स्वतःचं स्वतः आवरायला? इकडे दारात उभं राहून विचारतात, ‘घरात कोणी अपंग आहे का?’ लग्नाची मुलगी घरात असली की उत्तर ‘नाही.’

आता त्या सहा प्रश्नांचा कागद घेऊन एखादे मास्तर यंत्रमागांच्या गल्लीत शिरले आहेत असं समजा. शनिवारची शाळा बुडवून आलेले. जिन्याखाली माग खडखडतायत, वीस वर्षं तिथे धोटे मारलेला माणूस दारात उभा.

‘ऐकायला काही त्रास?’

‘काय?’

‘ऐकायला! त्रास!’

‘अं? हां, चहा घेणार?’

मास्तरांनी चहा घेतला, ‘नाही’वर खूण केली आणि दारावर खडूने नंबर टाकला.