तासकाका

मराठी मंडळाच्या गणपतीत पार्किंगमध्ये मल्टिमीटर घेऊन उभे असतात, ते हेच. "गाडी किती चालली?" असं विचारतात. तुम्ही भोळेपणाने मैल सांगता आणि तिथेच अडकता. "मैल नकोत हो. तास सांगा!"

पिंपरीत जनरेटरच्या डिझेल इंजिनांत आयुष्य घालवून काका निवृत्त झाले आणि न्यू जर्सीत मुलाकडे आले. जनरेटर जागचा हलत नाही, म्हणून त्याचं वय तासांत मोजायचं. ट्रॅक्टर आणि जेसीबीचंही तेच. साधारण २५० तास झाले की ऑइल बदला, विषय संपला! पण मुलाकडे निघाली शेवरोले व्होल्ट, २०१९ साली बनायची बंद झालेली प्लग-इन हायब्रिड. एका चार्जवर ५३ मैल विजेवर जाते आणि ऑफिस त्याच्या आतच. म्हणजे मैल रोज वाढणार आणि इंजिन झोपलेलं. डॅशबोर्ड ऑइलचं उरलेलं आयुष्य टक्क्यांत दाखवतो. काका म्हणाले, "टक्के बँकेने सांगावेत. तास किती?"

झालं, अवर मीटर आलं. पहिलं जोडलं साध्या फ्यूजवर. पण हायब्रिडमध्ये गाडी चालू म्हणजे इंजिन चालू असं नसतं. सूनबाई गाडीत बसून लताबाईंना ऐकत होत्या, तेही मीटरने मोजलं. दुसरं आणलं थरथर ओळखणारं, इंजिनाला चिकटवायचं. हिवाळा संपताच रस्त्यांवर खड्डे उगवले आणि तेही हिशेबात आले. अल्टरनेटरवरून सिग्नल घ्यावा, तर या गाडीला अल्टरनेटरच नाही! शेवटी ऑइल प्रेशरचा स्विच सापडला. इंजिन फिरलं की दाब, दाब आला की रिले, रिले ओढला की तास. नारंगी वायरींमध्ये जबर व्होल्टेज असतं, त्यांना हात लावायचा नाही, एवढी सुनेची अट मात्र त्यांनी पाळली.

मीटर बसलं, पण काका काही थांबले नाहीत. कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. काका म्हणाले, "ती कॅलेंडरची. त्यात एकमेकांशी बोललात किती तास?" केक कापायला बराच उशीर झाला. आठवड्याला साठ तास राबतो म्हणणाऱ्या मॅनेजरला म्हणाले, "मीटिंगा वजा करून सांगा." अध्यक्षांचं भाषण संपल्यावर माझ्या कानाशी लागले, "इंजिन बंद. नुसती थरथर."

व्होल्टची एक खोड आहे. इंजिन साधारण दीड महिना चाललं नाही, तर गाडी स्वतःच विचारून ते थोडा वेळ फिरवून घेते. त्या दिवशी काका गॅरेजात खुर्ची टाकून बसतात. मी वैतागून विचारलं, "त्यात बघायचं काय?" मीटरवरची नजर न काढता म्हणाले, "चाळीस वर्षं रोज कामावर गेलो. आता मलाही दीड महिन्यातून एकदा कुणी सुरू करून बघितलं तर बरं."

तेव्हा मंडळी, घरात लॉनमोवर, मिक्सर, शिवणयंत्र, काहीही अडलं तर दुकानात नेऊ नका. तासकाकांना बोलवा. पैसे घेत नाहीत, चहा दोनदा घेतात. फक्त लग्नाला किती वर्षं झाली, ते त्यांना सांगू नका.