विंगेतला प्रॉम्प्टर

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी, नखाएवढं एक चिन्ह असायचं. त्यावर हिरवी खूण दिसली की समजायचं, घरच्या लॅपटॉपवर केलेली दुरुस्ती ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पोचली. निळे बाण गोल फिरताना दिसले तर चहा टाकायचा. चहाला उकळी येईस्तोवर खूण हिरवी. फाइली सिंक करणाऱ्या अ‍ॅपशी माणसाचा संबंध एवढाच असावा, आणि बरीच वर्षं तो तेवढाच होता. मग अपडेट आलं.

पूर्वी त्या चिन्हावर क्लिक केलं की एक छोटीशी यादी उगवायची: अमुक फाइल गेली, तमुक आली, बाकी सगळं ठीक. आता क्लिक केलं की अख्खी स्क्रीन व्यापणारी खिडकी उघडते. डावीकडे ‘होम’, ‘अलीकडचं’, ‘तारांकित’, ‘टीम’ असे कप्पे. मधोमध माझं नाव घेऊन ‘सुप्रभात’ (दुपारचे चार वाजलेले असतात, पण तो भाग सोडा). त्याखाली चौकटी मांडलेल्या, ‘तुम्हाला कदाचित ही फाइल हवी असेल.’ सुचवलेली फाइल म्हणजे आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं कधीकाळचं कोटेशन. टाकी बांधून झाली, गळून झाली, दुसरी बसली. आणि मला हवा असलेला लेख? तो ‘होम’मध्ये नाही, ‘अलीकडचं’मध्ये नाही. तो आपल्या जुन्या फोल्डरमध्ये होता तिथेच निमूट बसलेला असतो.

अ‍ॅपचं नाव सांगत नाही. घ्यायचंच तर उखाण्यात घ्यावं लागेल, आणि सध्या आमचे संबंध तितके गोडीचे नाहीत.

संगीत नाटकांच्या जमान्यात विंगेत प्रॉम्प्टर उभा असायचा. हातात संहिता, डोळा नटाच्या ओठांवर. नट अडला की हळूच पुढचा शब्द सरकवायचा, आणि तिसऱ्या रांगेतल्या माणसालासुद्धा तो ऐकू गेला नाही तर त्याची हुशारी. या अपडेटनंतर आमचा प्रॉम्प्टर विंगेतून निघाला तो थेट दिवाणखान्याच्या सेटवर येऊन सोफ्यावर बसला. नायिकेच्या शेजारी. आणि प्रेक्षकांना विचारतोय, ‘कसं वाटतंय नाटक?’

हा रोग एकट्या आमच्या अ‍ॅपचा नाही. याची सर्वांत गाजलेली केस ड्रॉपबॉक्सची, आणि तिची गंमत अशी की गोष्ट सुरू होते एका विसरलेल्या पेनड्राइव्हपासून. ड्रू हाउस्टन नावाचा तरुण बॉस्टनहून न्यूयॉर्कला बसने निघाला होता. बसमध्ये काम उरकू म्हणून लॅपटॉप उघडला, तर पेनड्राइव्ह घरी. वैतागून त्याने बसमध्येच कोड लिहायला घेतला, असं तो सांगतो. २००७ साली आरश फिरदौसी या जोडीदाराबरोबर त्याने कंपनी काढली, २००८मध्ये ड्रॉपबॉक्स लोकांसाठी खुलं झालं. सगळी करामत एका फोल्डरची. त्यात टाकलेली वस्तू तुमच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर आपोआप हजर. शिकायला काही नव्हतं, कारण फोल्डर कसं वापरायचं हे लोकांना आधीच येत होतं.

त्याच कंपनीने जून २०१९मध्ये नवं डेस्कटॉप अ‍ॅप जाहीर केलं. फोल्डर राहिलं, पण त्याच्या पुढ्यात खिडकी आली. खिडकीत फाइली, फाइलींवरच्या चर्चा, शिवाय स्लॅक, झूम अशा दुसऱ्या अ‍ॅपनाही जागा. मॅक वापरणारी मंडळी विशेष खवळली. आम्हाला सगळीकडे सारखं राहणारं एक फोल्डर हवं होतं, ते तुम्ही दिलंत, आता हे नवं अ‍ॅप कुणी मागितलं, असा एकूण सूर. त्यात भर म्हणून जुलैमध्ये, ज्यांनी मागितलं नव्हतं अशा काहींच्या कॉम्प्युटरवरही हे अ‍ॅप येऊन बसलं. कंपनीने सांगितलं, चुकून गेलं. नको असलेली वस्तू चुकूनसुद्धा आपल्याकडेच यावी, याला योग लागतो.

कंपनीचीही बाजू आहे, ती सांगायला हवी. अ‍ॅपलचा स्टीव्ह जॉब्ज २००९मध्ये हाउस्टनला भेटला तेव्हा म्हणाला होता की हे काही स्वतंत्र उत्पादन नव्हे, ही नुसती एक सोय आहे. २०११मध्ये अ‍ॅपलने आयक्लाउड जाहीर केलं, २०१२मध्ये गूगल ड्राइव्ह आलं, मायक्रोसॉफ्टचं तर विंडोजमध्येच बसलं. जी गोष्ट विकून पोट भरायचं ती बाकीचे कॉम्प्युटरबरोबर फुकट देऊ लागले. २०१८मध्ये ड्रॉपबॉक्स शेअर बाजारात उतरलं, म्हणजे दर तीन महिन्यांनी ‘या वेळी नवीन काय?’ विचारणारे पाहुणे कायमचे घरात. अशा वेळी ‘नवीन काही नाही, फोल्डर व्यवस्थित आहे’ हे उत्तर कितीही खरं असलं तरी चालत नाही.

माझा मेहुणा अशाच दुसऱ्या एका कंपनीत आहे. त्याच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं, तर म्हणाला, “दाजी, तुम्ही ते अ‍ॅप दिवसातून किती वेळा उघडता?”

“उघडायचं कशाला? ते चालूच असतं.”

“हेच. त्यांच्या डॅशबोर्डवर तुम्ही मेलेले आहात.”

“अरे, माझ्या फाइली दिवसभर इकडून तिकडे जातायत!”

“फाइली जातायत. तुम्ही कुठे जाताय?” मग थोडा मऊ होऊन म्हणाला, “आणि त्या पोरांचाही विचार करा. सिंक नीट चाललं हे अप्रेझलमध्ये लिहायचं कसं? ‘यंदा माझ्यामुळे काहीही झालं नाही’?”

मला हे पटलं, आणि म्हणूनच जास्त राग आला. कारण ‘काहीही झालं नाही’ हेच तर सर्वांत अवघड काम. लोक खिडकीवरून ओरडत होते त्या सुमारास ड्रॉपबॉक्सचे इंजिनिअर आतमध्ये जवळजवळ चार वर्षं एक वेगळाच उद्योग करत होते. सिंकचं मूळ इंजिन पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेलं होतं (पायथनचा जनक गिडो व्हॅन रॉसम २०१३ ते २०१९ त्याच कंपनीत नोकरीला होता). ते इंजिन त्यांनी रस्ट नावाच्या भाषेत पायापासून पुन्हा लिहिलं आणि सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर बदललं. मार्च २०२०मध्ये त्यांनी स्वतः ते सांगितलं, तेव्हा लोकांना कळलं. कोट्यवधी माणसांच्या फाइलींखालचं इंजिन बदललं आणि कुणाचा चहा थंड झाला नाही. यावर ओरडायला कुणी नव्हतं, आणि टाळ्या वाजवायलाही फारसं कुणी नव्हतं.

आत किती काम असतं, ते आपल्या ‘ऱ’वरून पाहा. ‘दुसऱ्या भागाचा मसुदा’ अशा नावाची फाइल केली. युनिकोडमध्ये हा ‘ऱ’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक अख्खं अक्षर म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि खाली नुक्ता असे दोन तुकडे करून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण मॅकच्या जुन्या फाइल-व्यवस्थेत नाव साठवताना अशी अक्षरं सुटी करून ठेवायची पद्धत होती, आणि विंडोजमध्ये ती जशी टाइप केली तशीच राहतात. मधल्या सिंकवाल्याने हे ओळखलं नाही तर एकाच फोल्डरमध्ये ‘दुसऱ्या भागाचा मसुदा’ नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी बसतात, एक जुनी, एक दुरुस्त केलेली. दिवाळी अंकाच्या गडबडीत कोणती छापायला जाते ते वेगळं सांगायला नको. जगाच्या पाठीवर कुठेतरी एका इंजिनिअरने बसून हे निस्तरलंय. त्याला मराठीचं अक्षरही येत नसेल. त्या माणसासाठी मी ‘सुप्रभात’ म्हणणारी ती खिडकी दिवसभर उघडी ठेवायला तयार आहे, पण तिथे त्याचा पत्ता नाही.

आमच्या अ‍ॅपच्या नव्या अवताराविषयीची माझी खरी तक्रार मात्र खिडकीबद्दल नाहीच. खिडकी मिटता येते. तक्रार आहे ढगाची. नव्या अपडेटने, तुमच्या हार्डडिस्कची जागा वाचावी म्हणून, बऱ्याच दिवसांत न उघडलेल्या फाइली परस्पर काढून इंटरनेटवर नेऊन ठेवल्या. फोल्डरमध्ये त्या दिसतात. नाव दिसतं, तारीख दिसते, किती एमबीची तेही दिसतं. फक्त नावाशेजारी हिरव्या खुणेऐवजी एक इवलासा ढग असतो. पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकला एका कार्यक्रमाला निघालो होतो. भाषणाचे मुद्दे गाडीत चाळू म्हटलं. कसारा गेलं, घाट लागला, बोगदे सुरू झाले, मोबाइलची रेंज गेली, आणि मी त्या फाइलवर डबल क्लिक केलं. ‘ही फाइल उघडण्यासाठी इंटरनेटशी जोडा.’ पुन्हा क्लिक केलं, कारण माणूस करतोच. शेजारच्या गृहस्थांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, “फाइल तर दिसतेय की.” त्यांना काय सांगणार? पेनड्राइव्ह घरी राहिला असता तर निदान तो घरी आहे हे तरी नक्की माहीत असतं. इगतपुरीला रेंज आली, ढगाची हिरवी खूण झाली, आणि त्याच वेळी खिडकीने उसळी मारून विचारलं, ‘तुम्हाला कदाचित ही फाइल हवी असेल?’ या वेळी तिचा अंदाज बरोबर होता.

‘नेहमी याच कॉम्प्युटरवर ठेवा’ असं एक सेटिंग असतं. ते मी आता मूळ फोल्डरलाच लावून टाकलंय. ‘सुरू होताना खिडकी उघडू नये’ हेही असतं, मात्र दर अपडेटमध्ये त्याचं बिऱ्हाड हलतं. कधी ‘सामान्य’मध्ये, कधी ‘सूचना’मध्ये, एकदा तर ‘प्रगत’मध्ये सापडलं. आणि नव्या सोयींची ओळख करून देणारी जी चौकट मधूनच उगवते, तिला बटणं दोनच: ‘आता पाहा’ आणि ‘नंतर आठवण करून द्या’. आपण कुणाला ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हटलं की समोरचा काय ते समजतो, विषय संपतो, दोघांची अब्रू राहते. हे अ‍ॅप पुढच्या आठवड्यात खरोखरच येतं.

मध्यंतरी त्याने पाच चांदण्या पुढे करून माझं मत विचारलं. मी दोन चांदण्या दिल्या आणि खालच्या रकान्यात सविस्तर लिहिलं, मराठीतच: सिंक उत्तम आहे, ज्यांनी केलं त्यांचे आभार माना, त्यांचा पगार वाढवा आणि खिडकी काढा. ईमेलने उत्तर आलं. अभिप्रायाबद्दल धन्यवाद, आपल्या भाषेत मदत सध्या उपलब्ध नाही, परंतु नव्या खिडकीत डावीकडे ‘मदत’ हा कप्पा जरूर पाहावा.