दिव्याचा वशिला

माझे वडील घड्याळ रेडिओवर लावत. बातम्यांआधी आकाशवाणीवर पिप्-पिप् वाजायचं. ते घड्याळाची चावी ओढून तयारच असत आणि शेवटच्या ठोक्याला ती दाबत. एका यंत्राने दुसऱ्याला मार्गी लावण्याचा आमच्या घरातला हा सर्वांत जुना व्यवहार. त्यात रेडिओने वडिलांचा फोन नंबर कधी मागितला नाही. मागून उपयोगही नव्हता. फोन कोपऱ्यावरच्या वाण्याकडे होता.

परवा आईच्या खोलीत वायफायवर चालणारा दिवा लावला. लावला म्हणजे होल्डरमध्ये बसवला. बटण दाबल्यावर तो उजेड पाडायचं सोडून नुसता डोळे मिचकावू लागला.

“बिघडलाय,” आई म्हणाली.

“बिघडलेला नाही. त्याला मोबाईलची ओळख हवी आहे.”

“आणि तू कोण मग?”

मी फक्त पैसे दिले होते. कचेऱ्यांत वशिल्याशिवाय काम होत नाही म्हणून जन्मभर कुरकुरायचं आणि वशिला मागणारा दिवा पदरमोड करून घरात आणायचा, हे आमच्यासारख्यांनाच जमतं.

ॲपने मोबाईल नंबर विचारला. मोबाईललाच! मग मोबाईलवर ओटीपी आला, तो मोबाईलने आपला आपण वाचला, आपला आपण भरला आणि हिरवी खूण करून स्वतःचं अभिनंदनही केलं. मी तो धरून स्टुलावर उभा होतो, एवढंच.

पुढे लोकेशन मागितलं. दिवा डोक्यावर, मी खाली; कोण कुठे आहे याबद्दल आम्हा दोघांनाही शंका नव्हती. पण यामागे कारण आहे. आसपास कुठली वायफाय आहेत यावरून माणसाचा पत्ता लागतो, म्हणून 2015 साली आलेल्या अँड्रॉइड 6 ने वायफाय धुंडाळणाऱ्या ॲपना ही परवानगी सक्तीची केली. माझा ठावठिकाणा कुणाला कळू नये, म्हणून तो आधी मलाच विचारायचा.

खरी मजा पुढे. दिवा स्वतःचं एक चिमुकलं वायफाय सोडतो. मोबाईलने त्यावर जायचं, घरचा पासवर्ड दिव्याच्या कानात सांगायचा आणि परतायचं. आमचा मोबाईल गेला, तिथे इंटरनेट नाही असं पाहिलं आणि काही न बोलता घरी आला. त्यातून दिव्याला कळतं फक्त 2.4 गिगाहर्ट्झ, आणि मोबाईल ऐटीत 5 वर. दोन्ही एकाच राउटरची लेकरं, नावही एकच. ती वेगळी करायची तर राउटरच्या पोटात शिरायला हवं. त्याचा पासवर्ड त्याच्याच बुडाला, मुंगीएवढ्या अक्षरांत. राउटर कपाटावर आणि खोलीत धड उजेड नाही, कारण दिवा मिचकावतोय. शेवटी मुलीचा मोबाईल मागवून त्याची बॅटरी लावली. दिवा लागावा म्हणून दिवा धरला.

मोबाईलचा एक उपकार मात्र मी बिनशर्त मानतो. टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला की तो कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारे त्याचे अवरक्त किरण पडद्यावर जांभळट ठिपका होऊन दिसतात. दिसले तर रिमोट ठीक, नाहीतर आधी सेल बदलून बघा. पुढचा कॅमेरा बरा. मागच्याला बऱ्याचदा ते किरण अडवणारी काच असते. ना ओटीपी, ना ओळखपाळख.

असो. दिवा लागला. ॲप म्हणालं, एक कोटी साठ लाख रंग आहेत.

“पांढरा आहे ना?” आईने विचारलं.

त्या रात्री वीज गेली आणि दोनच्या सुमाराला आली. आपण निजलो होतो हे दिवा साफ विसरला आणि सगळी ताकद लावून पेटला. मी मोबाईल घेऊन धावलो. ॲपवर ‘दिवा ऑफलाइन’. राउटर अजून जागा होत होता. आईने हात लांब करून भिंतीवरचं बटण बंद केलं.

“याची नि माझी जुनी ओळख आहे,” ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

सकाळी ॲपवर सूचना होती : दिवा सापडत नाही. मोबाईल दिव्याजवळ न्या.