काळ्या कपड्यातला उजेड

अमेरिकेत ‘टॅक्टिकल’ हे विशेषण चिकटवलं की पेनापासून पँटपर्यंत काहीही चढ्या भावाने खपतं. मग हौशी वीर काळा शर्ट, काळं जाकीट, काळे हातमोजे असा जामानिमा करून रात्री झाडीत दबा धरतो. आपण कुणाला दिसत नाही, याची त्याला खात्री. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातलाच प्रकार.

नाइट व्हिजनला आपला काळा रंग कळत नाही. ती चांदण्याचा किरकोळ उजेड हजारो पट वाढवते आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाशही टिपते, साधारण 900 नॅनोमीटरपर्यंतचा. कित्येक काळे रंग नेमका हाच प्रकाश परतवतात. हिरव्या पडद्यावर आपला वीर धुतलेल्या धोतरासारखा लख्ख! बरं, कापड खरोखरच काळं निघालं तरी सुटका नाही, कारण जिवंत पानं अवरक्तात उजळ दिसतात आणि त्यांत तो काजळाच्या बोटासारखा उठून दिसतो. कापड अवरक्तात चमकू नये म्हणून अमेरिकी लष्कराने तर लढाऊ गणवेशाला खळ घालायलाच मनाई केली आहे. परीटघडीवाल्यांची पंचाईतच.

त्यावर बंदुकीला अवरक्त लेझर. साध्या डोळ्याला अदृश्य. पण समोरच्याकडेही नाइट व्हिजन असेल, तर ती रेघ त्याला थेट आपल्या दारात आणून सोडते.

आणि दंडावरचा तो रुबाबदार अवरक्त झेंडा? तो दिसावा म्हणूनच बनवलेला असतो.