किती ब्रास वाळू?

नरसिंहपूरच्या माणसाला पाणी दाखवायला नेऊ नये. इंदापूर तालुक्याच्या पार टोकाला हे गाव. नीरा इथं भीमेला मिळते. नीरेपलीकडे माळशिरस, भीमेपलीकडे माढा आणि मधल्या चोचीत विंचूरकरांनी बांधलेलं लक्ष्मी-नरसिंहाचं दगडी देऊळ. जन्मभर संगमावर आंघोळ केलेल्या माणसाला समुद्राचं कौतुक ते काय असणार? पण आमचे तात्या आणि काकू ऊस कारखान्याला घालवून गोरेगावला आले, आणि यजमानाला जे वेड लागतं ते मला लागलं. मुंबई दाखवायची म्हणजे दाखवायचीच.

सुरुवात गेटवेपासून केली. "१९११ साली राजा पंचम जॉर्ज आला होता, त्याच्या स्वागताची ही कमान," मी गाइडच्या आवाजात सांगितलं.

"बांधून कवा झाली?"

"१९२४ ला."

तात्यांनी कमान खालून वर पाहिली. "म्हंजी पाव्हना जेवून, हात धुवून घरला गेला, आन् तेरा वर्सांनी मांडव हुबा ऱ्हायला. उगा आपल्या पीडब्ल्यूडीला नावं ठिवतो आपन."

मग समुद्राकडे वळले. ह्यात नदी कुठली येते, हा त्यांचा पहिला प्रश्न. मी मिठीचं नाव घेतलं आणि विषय बदलायला म्हणून भीमेचं सांगून बसलो. भीमाशंकर इथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नाही. तरी भीमा तिथं उगम पावते, मुंबईकडे पाठ करते आणि कर्नाटकात कृष्णेला गाठून थेट बंगालच्या उपसागराचा रस्ता धरते. "तिनं कायतरी बघूनच तोंड फिरवलं आसंल," तात्या म्हणाले आणि अरबी समुद्राचा निकाल लागला.

घारापुरीला सोमवारी जायचं, असं काकूनं ठरवलं होतं. शंकराची लेणी, मग वार दुसरा कुठला? सोमवारी लेणी बंद असतात, हे मी सांगितलं तेव्हा तिनं माझ्याकडे असं पाहिलं की सुट्टीचा अर्ज मीच मंजूर केला असावा. "शंकराला सोमवारची सुट्टी? मग त्यो कामावर असतो कवा?" मंगळवारी लाँचनं गेलो. जवळजवळ वीस फुटांची त्रिमूर्ती पाहून दोघंही गप्प झाले, हे मान्य केलं पाहिजे. पण काकूनं पिशवीतून नारळ काढला आणि पहारेकरी धावत आला. इथं पूजा चालत नाही. युनेस्कोनं १९८७ साली ही लेणी जागतिक वारशाच्या यादीत घातली वगैरे मी समजावलं, पण यादीत नाव आलं म्हणून देवाचा नारळ कसा बंद होतो, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. नारळ लाँचनं परत आला. रात्री त्याची चटणी झाली.

राणीच्या बागेत पेंग्विन पाहिले. पेरू-चिलीकडचे पक्षी गारेगार एसीत उभे, आणि काचेबाहेर तिकीट काढून घामाघूम झालेली माणसं. ह्यावर तात्या काहीच बोलले नाहीत. काही ठिकाणी बोलायची गरजच पडत नाही.

खरी मजा गिरगाव चौपाटीवर आली. लोक मावळता सूर्य बघत होते. तात्या खाली बघत होते. पायानं वाळू उकरली, मुठीत घेतली, बोटांतून सोडली. "बारीक हाय. गिलाव्याला चालंल." मग डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत नजर फिरवली. "किती ब्रास आसंल रं? आन् लिलाव न्हाई?" भीमेकाठच्या माणसाला एवढी वाळू, शेजारी एकही ट्रॅक्टर नाही आणि तहसीलदाराची गाडीही नाही, हे दृश्य अजब वाटणारच. काकूला वाळूचं वेगळंच कौतुक. आमच्या नरसिंहाची मूर्तीच वाळूची, प्रल्हादानं हातानं केलेली, असं गावात सांगतात. शेजारी किल्ला करणाऱ्या पोरांना तिनं ही कथा ऐकवली. पोरांनी ताबडतोब किल्ल्याच्या दारात एक सिंह बसवला. तो कुत्र्यासारखा झाला.

परतताना रसवंती लागली. चाकाला घुंगरं, आलं-लिंबू घडीत दाबलेलं. तात्यांनी ग्लास उजेडात धरला, मग चिपाड उचलून पिळून पाहिलं. "ह्यात अजून हाय." आणि हिशेब सुरू झाला. किलोभर उसाचा अर्धा लिटर रस, म्हणजे दोन गिलास. टनाला दोन हजार गिलास. वीस रुपयं धरलं तरी चाळीस हजार.

"तिसरा हिस्सा बर्फ हाय," काकू म्हणाली. "तीन गिलास धरा."

"साठ हजार! आन् कारखाना देतो तीन-सव्वातीन." रसवाल्यानं हे ऐकलं आणि गाळ्याचं भाडं सांगायला सुरुवात केली. दोघांनी अर्धा तास एकमेकांना आपापली दुःखं सांगितली. पैसे मी दिले.

शेवटी ऐरोलीला खाडीत बोटीतून रोहित पक्षी दाखवायला नेलं. भरतीची वेळ गाठून बोट सुटते, तिकीट भारी, सगळे कॅमेरे सरसावून बसलेले. गुलाबी थवा दिसताच काकू मोठ्यानं म्हणाली, "आगं बया, हे तर भिगवनचं!" उजनीच्या पाणलोटावर दर हिवाळ्यात हेच पक्षी उतरतात. कुंभारगावचे मच्छीमार आपल्या होडीतून दाखवतात आणि नंतर ताजी चिलापी तळून वाढतात, हे तात्यांनी सगळ्या बोटीला ऐकवलं. गाइडकडे आता कोणी बघेना. पुणे-सोलापूर हमरस्ता, पाटस, कुरकुंभ, मग भिगवण, असा रस्ता सांगून झाला. तिथून पुढं इंदापूर, आणि तसंच पुढं आलात तर आमचं नरसिंहपूर. वैशाखात नरसिंह जयंतीला या, मुक्कामाला घर हाय, असं आवताण काकूनं परस्पर देऊन टाकलं.

मुलुंडच्या एका बाईंनी सगळं मोबाइलमध्ये टिपून घेतलं आणि विचारलं, "सोमवारी चालू असतं ना?"