पन्नाशीची सनद

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने १५ जुलै २०२१ रोजी मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती जाहीर केली, तिच्यामुळे वाहनाच्या बाबतीत तरी पूज्य वार्धक्य कोणत्या वर्षी सुरू होते, याचा सरकारी निकाल लागला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली, आणि सांगाडा, बाह्य कवच व इंजिन यांत भरीव फेरफार न झालेली मोटार अथवा दुचाकी यापुढे 'व्हिंटेज' समजली जाईल, तिच्या नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांपाठोपाठ 'व्हीए' ही दोन अक्षरे बिरुदासारखी झळकतील, आणि ही सनद दहा वर्षे चालेल, अशी ती तरतूद आहे. त्या बदल्यात गाडीने एकच पथ्य पाळावयाचे. शक्यतो चालू नये.

हे विधान कोणास अतिशयोक्त वाटल्यास त्याने नियम मुळातून वाचावा. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची रॅली, इंधन भरणे आणि देखभाल-दुरुस्ती, एवढ्याच कारणांसाठी या गाडीस रस्त्यावर येण्याची मुभा आहे. नित्याचा वापर आणि धंदा हे दोन्ही निषिद्ध. तात्पर्य, मालकाने राजरोस पंपावर जावे, टाकी भरावी आणि तेच पेट्रोल जाळीत घरी परतावे, यास शासनाची हरकत नाही. मात्र वाटेत कोपऱ्यावर थांबून त्याने मेथीची जुडी घेतली, तर तो नित्य वापर झाला की देखभालीचा आनुषंगिक भाग, याचा खल एखाद्या पोलीस अंमलदाराला भर चौकात करावा लागेल.

आता यात सवलत कोठे आहे, असे हिशेबी वाचक विचारील. वीस वर्षांवरील सामान्य खाजगी मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण २०२५ च्या ऑगस्टपासून दहा हजार रुपयांना पडते आणि पाच वर्षे टिकते. म्हणजे दशकाला वीस हजार. व्हिंटेज गाडीच्या पहिल्या नोंदणीची फी वीस हजार आणि मुदत दहा वर्षे. दोन्ही रकमा तंतोतंत सारख्या. फरक इतकाच, की सामान्य गाडीस त्या पैशांत ऑफिसलाही जाता येते. खरी स्वस्ताई, म्हणजे पाच हजारांची फी, पुनर्नोंदणीच्या वेळी सुरू होते. अर्थात गाडीची षष्ट्यब्दीपूर्ती झाल्यावर, आणि तोवर मालक हयात असल्यास.

परंतु ज्या गाड्या पन्नाशीला पोहोचल्या, त्या भाग्यवानच म्हटल्या पाहिजेत. पंधरावे वर्ष उलटताच महाराष्ट्रात खाजगी गाडीमागे पर्यावरण कराचा तगादा लागतो. दिल्लीत तर पंधरा वर्षांवरील पेट्रोल आणि दहा वर्षांवरील डिझेल गाड्या हद्दपार करण्याच्या हुकमावर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केले होते, आणि २०२५ च्या १ जुलैपासून पंपांवर कॅमेरे लावून अशा गाड्यांचे दाणापाणी तोडण्याची मोहीमही निघाली होती. ती लोकक्षोभामुळे दोनचार दिवसांतच ढिली पडली, ही गोष्ट वेगळी. पंधराव्या वर्षी जी गाडी हवेची शत्रू, तीच पन्नासाव्या वर्षी राष्ट्राचा ठेवा. मधल्या पस्तीस वर्षांत तिने कोठे तोंड लपवावे, याविषयी मात्र नियम मौन पाळतात. पांडवांना अज्ञातवास एकच वर्षाचा होता.

मुंबईच्या टॅक्सीला तर तीही आशा नव्हती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली पद्मिनी ही या शहराची खरीखुरी ओळख. पण टॅक्सीला आयुर्मर्यादा वीस वर्षांची, आणि ताडदेवला अखेरची पद्मिनी नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ रोजी, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिचा निकाल लागला. जिने लाखो माणसांची ने-आण केली, तिला वारसा ठरण्यापूर्वीच निवृत्त करण्यात आले.

मूळ स्वरूपाची अट याहूनही न्यारी आहे. या देशात जुनी गाडी टिकली ती काटकसरीमुळे. पेट्रोल परवडेना तेव्हा ऐटबाज अमेरिकन मोटारींच्या उदरात डिझेल इंजिने बसविली गेली, सुटे भाग मिळेनात तेव्हा कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने दुसऱ्याच गाडीचे भाग कानशीने घासून त्यात चपखल बसविले, आणि त्या बळावर तीन तीन पिढ्यांनी लग्ने, बाळंतपणे आणि पंढरीच्या वाऱ्या साजऱ्या केल्या. हा सारा पराक्रम आता 'भरीव फेरफार' या दोन शब्दांत अपात्र ठरतो. आणि ज्या संस्थानिकाने गाडी वाड्याच्या तबेल्यात झाकून ठेवली, तिला कधी घाम फुटू दिला नाही, त्याचे वंशज सन्मानाने प्रमाणपत्र घेऊन जातात. गाडी वापरून जिवंत ठेवणे आणि न वापरता शाबूत ठेवणे, यांपैकी शासनास दुसरे अधिक प्रिय आहे. याबाबतीत ब्रिटिश अधिक व्यवहारी म्हणावे लागतील: चाळीस वर्षे उलटलेल्या गाडीचा रस्ता-कर ते शून्य करतात, त्या शून्यासाठी दरसाल अर्ज मात्र न चुकता घेतात, पण त्या गाडीतून दूध आणण्यास मनाई करीत नाहीत.

एका वर्गाकडे मात्र सरकारची नकळत कृपादृष्टी वळली आहे. आकुर्डीची चेतक स्कूटर १९७२ साली बाजारात आली. तेव्हा जिला मध्यमवर्गाचे ऐश्वर्य मानीत, ती पहिल्या खेपेची चेतक आता पन्नाशी ओलांडून सरदार-जहागीरदारांच्या रोल्स रॉइसच्या पंगतीला बसण्यास पात्र झाली आहे. खेद एवढाच, की वय मोजावयाचे ते नोंदणीपासून. स्कूटरचा नंबर लागण्याची वाट पाहण्यात जी वर्षे गेली, ती हिशेबात धरीत नाहीत. ती धरली असती तर निम्मे पुणे एव्हाना व्हिंटेज झाले असते.

तेव्हा ज्यांच्या जिन्याखाली अशी एखादी चेतक अथवा लॅम्ब्रेटा धूळ खात उभी आहे, त्यांनी पोथीसारखे पिवळे पडलेले आर.सी. बुक शोधून काढावे, चासी क्रमांकावरील रंगाचे थर पॉलिश पेपरने हळूच खरवडून त्यावर कागद धरावा आणि पेन्सिल घासून ठसा घ्यावा. कारण बुकातील शाईचा सात पुष्कळदा एकासारखा दिसतो आणि दप्तरातील कारकुनास तेवढे निमित्त पुरते. विम्याचा कागद जोडून नमुना २० मधील अर्ज 'परिवहन' पोर्टलवर करावा. प्रमाणपत्र साठ दिवसांत मिळावे अशी तरतूद आहे. भाजी आणण्यासाठी दुसरे वाहन अगोदरच घेऊन ठेवावे.